बेल्ट लावलेले सुरण

एका जंगलात, मुलांनो, रंगनाथ नावाचा एक साळिंदर राहत होता. साळिंदर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर आधी काटे येतात. येऊ द्या. या गोष्टीत काट्यांचं काम आहे.

रंगनाथ सुरण पिकवायचा. त्याचा सुरण असा नामांकित, की सासुरवाडीला कसलंही कार्य निघालं तरी आमंत्रणासोबत निरोप यायचा, "येताना चार सुरण घेऊन या." चार म्हणजे चार पोती, हे त्याला लग्नानंतर कळलं.

ही पोती शेजारचा महादबा गवा पाठीवरून न्यायचा. पोत्यांच्या वर रंगनाथची बायको शेवंता, म्हातारी आई आणि लेक मंजू. रंगनाथ बाजूने चालायचा आणि कोणी भेटलं तर आपल्याला चालायला आवडतं असं सांगायचा.

मागच्या वर्षी सासऱ्यांची पंच्याहत्तरी झाली. मांडवाच्या दाराशी मांडववाल्याचा एक वानर उभा होता. त्याच्या डोक्याला फेटा होता, आणि फेटा बांधल्यापासून तो कोणाचंच ऐकत नव्हता. त्याने पोत्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "माल मागच्या दाराने."

"अहो, मी जावई आहे," रंगनाथ म्हणाला.

"असाल. माल मागच्या दाराने."

तेवढ्यात रंगनाथचे साडू विश्वासराव आपली पांढरी एसयूव्ही घेऊन आले. वानराने पळत जाऊन दार उघडलं आणि सलाम ठोकला. पुढे विश्वासरावांचं काय झालं ते रंगनाथला दिसलं नाही, कारण तोवर तो सुरणासकट मागच्या दाराकडे निघाला होता.

मंजूने त्याचा हात धरला होता. ती म्हणाली, "बाबा, आपण पाहुणे नाही का?"

रंगनाथला फार वाईट वाटलं. त्याने त्याच दिवशी ठरवलं, पुढच्या कार्याला आपण मंजूला घेऊन पुढच्या दाराने जायचं. काय वाट्टेल ते होवो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत महादबाची पाठ गेली. वैद्याने त्याला ओझं बंद करायला सांगितलं. म्हणजे आता गाडी घेणं आलं.

"डिझेल पिकअप घ्या," शेवंता म्हणाली. "मागच्या हौद्यात पोती राहतील, पोत्यांवर आम्ही राहू. आपल्या काट्यांना वाराही लागेल."

"मी पुढे बसेन," आई म्हणाली.

"पिकअप घे रंगनाथा," महादबाही म्हणाला. "आयुष्यभर ओझं वाहिलंय मी. मला कळतं त्यातलं."

सगळ्यांचं एकमत झालेलं पाहून रंगनाथला संशय आला. तो एकटाच शोरूमला गेला.

तिथे एक तरस विक्रेता होता. तरस सारखा हसत असतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला आपलं बोलणं फार आवडलंय असं वाटतं. रंगनाथने पिकअपची चौकशी केली.

"घ्या की," तरस हसत म्हणाला. "दणकट आहे. फक्त नंबरची पाटी पिवळी येते."

"मग?"

"मग काही नाही साहेब. मांडवाच्या दाराशी जरा विचारतात, एवढंच."

तरसाने अलगद शेजारच्या एसयूव्हीचं दार उघडलं. आत मलईच्या रंगाच्या गादीच्या सीटा होत्या. वरचं छत बटण दाबलं की सरकायचं. "ही खरी फॅमिली गाडी," तरस म्हणाला. "पाटी पांढरी."

रंगनाथने फॅमिलीसाठी फॅमिली गाडी घेतली. फॅमिलीला मात्र घरी आल्यावर सांगितलं.

शेवंताने गाडी ओवाळली, चाकांखाली लिंबं ठेवली. मग सगळे हौसेने आत बसले. साळिंदरं बसली, मुलांनो. मलईच्या रंगाच्या गादीवर. उतरले तेव्हा मागची सीट चाळणीसारखी झाली होती.

रंगनाथने काढून ठेवलेलं प्लास्टिक पुन्हा सगळ्या सीटांना घातलं आणि जाहीर केलं, "आजपासून सीटवर कोणी बसायचं नाही. खराब होतात."

"मग बसायचं कधी?" आईने विचारलं.

"प्रसंगाला."

हसू नका. आपल्याही घरच्या टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

रंगनाथ स्वतः पुढच्या सीटवर लाकडी पाट टाकून गाडी चालवायचा. महादबाने दरम्यान ती डिझेल पिकअप स्वतःच घेऊन टाकली आणि भाडी मारायला लागला. ओझं त्याला ओळखीचंच होतं.

आणि प्रसंग आला. शेवंताच्या भावाचं लग्न निघालं. "येताना चार सुरण घेऊन या."

निघायच्या सकाळी रंगनाथ अंगणात बराच वेळ विचार करत उभा राहिला. एसयूव्हीत घरच्यांना बसवावं, तर उरल्यासुरल्या सीटाही जातात. लग्नाच्या दारात चाळणी झालेली सीट कशी दाखवायची? उलट सुरणाला काटे नसतात. या विचारात कुठे चूक आहे ते त्याला सापडेना.

तेव्हा त्याने सुरणाची पोती प्लास्टिकवर नीट बसवली आणि घरच्यांना महादबाच्या पिकअपमध्ये चढवलं.

"प्रसंगाला म्हणाला होतात ना?" शेवंता म्हणाली.

"प्रसंग आहे म्हणूनच जपतोय," रंगनाथ म्हणाला.

मंजू हौद्यात शेवंताजवळ बसली आणि हात हलवत राहिली.

गाडी सुरू झाली तशी टुंग टुंग वाजायला लागली. तिला सीटवर वजन लागत होतं आणि बेल्ट लागत नव्हता. रंगनाथ उतरला आणि त्याने एकेका पोत्याला बेल्ट लावला. मग गाडी शांत झाली.

मांडवाच्या दाराशी तोच वानर होता, तोच फेटा होता. पांढरी पाटी पाहून त्याने सलाम ठोकला. रंगनाथला भरून आलं. वानराने अदबीने मागचं दार उघडलं. आत बेल्ट लावून तीन पोती बसली होती. पुढे आणखी एक होतं.

वानराने पोत्यांकडे पाहिलं, मग पाटावर बसलेल्या रंगनाथकडे पाहिलं.

"मालक मागून येणार वाटतं," तो म्हणाला. "गाडी त्या झाडाखाली लाव मामा. ड्रायव्हर लोकांची पंगत तिकडे आहे."

"अहो, मी जावई आहे."

"मघाशी आणखी एक जण हेच म्हणत होता," वानर म्हणाला आणि सुरण उतरवायला माणसं बोलवायला गेला.

इकडे पिवळ्या पाटीची पिकअप नियमाप्रमाणे मागच्या दाराला लागली. मागे चुली पेटल्या होत्या आणि सासू, मावश्या, नवरदेव, सगळं घर तिथेच जमलं होतं. शेवंता हौद्यातून उतरायच्या आधीच तिच्या गळ्यात तिघीजणी पडल्या. आईला खुर्ची आली. महादबालाही आग्रहाने बसवून घेतलं.

रंगनाथ झाडाखाली गेला. पंगत बसली होती. कडेला काटे मिटून, मान खाली घालून एक साळिंदर जेवत होता. रंगनाथ जवळ गेला आणि थबकला.

"विश्वासराव, तुम्ही?"

विश्वासराव दचकले. मग सरकून त्यांनी जागा करून दिली. "बसा रंगनाथराव. गाडी घेतल्यापासून मी इथेच असतो. तुमच्या मेहुणीला वाटतं मी पुरुषांच्या पंगतीत आहे."

"आणि ती कशी येते?"

"एसटीने," विश्वासराव म्हणाले. "सीटा खराब होतात हो."

पानावर बसलेल्या रंगनाथला आधी रडू येईल असं वाटलं. मग त्याला हसू आलं, आणि ते आवरेना. तेवढ्यात मंजू त्याला शोधत आली. तिच्या कपाळाला गंध होतं आणि हातात अक्षता होत्या.

"बाबा," तिने विचारलं, "तुम्ही पाहुणे नाही का?"

"आहे ना," रंगनाथ म्हणाला. "पण मी सुरणाला घेऊन आलोय."

ती त्याच्या पानातली जिलबी उचलून त्याच्या शेजारी बसली.

तात्पर्य: मुलांनो, मोठी गाडी घेतली की साडूच्या पंगतीला बसता येतं. ती पंगत कुठे असते, हे गाडी घेण्याआधी कधीही विचारू नये.