डिंक, अळीव आणि दशहरी आंबा

आमच्या मालिनीचं हसणं बंद झालं, म्हणून मी आइस्क्रीम करायचं ठरवलं.

(नवरे अशा वेळी बायकोला डॉक्टरकडे नेतात. मीही नेलं होतं.) डॉक्टर म्हणाले, "पंचेचाळिशी आली, हार्मोन्स आहेत, चालायचंच." म्हणजे लखनौची लू बाहेरून भाजतेच, तिला आतूनही गरम व्हायचं. डाळीत मीठ कमी पडलं तरी डोळ्यांत पाणी. माझ्या प्रत्येक फजितीवर खदखदून हसणारी बाई अशी गप्प झाली, हे मला फार लागलं.

न्हाव्याकडे एका जुन्या मासिकात वाचलं की फळं, सुका मेवा आणि बिया हार्मोन्सना बऱ्या. मला आईचे लाडू आठवले: डिंक, अळीव, खारीक, खोबरं. पण जूनमध्ये लाडू कोण खाणार? म्हणून आइस्क्रीम. (बँकेत क्लार्क असलो तरी डोकं चालतं.)

चौकातून पिशवी भरून निघालो, तर समोर वासंतीवहिनी. आमच्याच बँकेतल्या सुधीरच्या पत्नी. पिशवीत डोकावल्या आणि थबकल्या.

"डिंक, अळीव? मालिनीसाठी?"

"हो. पण तिच्याजवळ बोलू नका हं. तिला अजून माहीत नाही."

"तिला माहीत नाही?"

"नाही. मी एकट्यानेच ठरवलंय."

वहिनींनी दुकानाच्या फळीचा आधार घेतला. "या वयात, भाऊजी?"

"या वयातच तर गरज असते."

(हे जिन्नस बाळंतिणीला देतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या विनीताच्या वेळचे निम्मे लाडू मीच खाल्ले होते. नेमकं तेव्हा आठवलं नाही, इतकंच.)

पुढच्या रविवारी हँडलचा लाकडी पॉट मागून आणला. भोवती बर्फ आणि खडेमीठ, आत दूध, दशहरी आंबा आणि पिशवीतलं सगळं. थोडा वेळ हँडल फिरलं, मग अडलं.

"पापा, ये तो हिल ही नहीं रहा," विनीता म्हणाली.

मी पॉटवर बसून जोर लावला. हँडल जागेवरच राहिलं, मी मात्र पॉटसकट अंगणात आडवा झालो. आवाजाने मालिनी बाहेर आली. तिने पॉट सरळ करून आतल्या डब्यात चमचा घातला. तो निघेना.

"अहो, डिंक तळून घेतलात का?"

"तळायचा असतो?"

"आणि एवढा अळीव? तो फुगतो हो." तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात वासंतीवहिनी आल्या. हातात ओटीचा नारळ आणि लोकरीचं टोपडं.

"सांगितलं का गं भाऊजींनी तुला?"

"काय?"

वहिनींनी टोपडं तिच्या हातात ठेवलं. मालिनीने टोपड्याकडे पाहिलं, उभ्या चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि हसायला लागली. भिंतीला टेकून, पदर तोंडात कोंबून हसली. किती महिन्यांनी ऐकलं ते हसू. मला इतकं बरं वाटलं की मीच रडवेला झालो.

वहिनींचं विणकाम सैल. मालिनीने टोपडं माझ्या टकलावर चढवलं, ते बरोबर बसलं.

"वहिनी, तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "बाळ आहे घरात. जरा थोराड आहे, एवढंच."

आइस्क्रीम कुणीच खाल्लं नाही. पण अजूनही तिला आतून गरम व्हायला लागलं, की ती मला ते टोपडं घालून समोर बसायला लावते. मी बसतो. लखनौचा जून, लोकरीचं टोपडं. तिला गार वाटतं म्हणते.