नखाएवढा गवई

केळकर काका झुडपाला वाकून नमस्कार करतात. जपानी पद्धतीने, कमरेतून. मग मागे वळून आम्हा नवराबायकोला म्हणतात, "आता श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही."

इथल्याच, जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठातून निवृत्त झालेले काका आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहतात. शहराबाहेरच्या माळावर, गुडघ्याएवढ्या झुडपांत, त्यांचा एक नखाएवढा सेमी आहे. सेमी म्हणजे उन्हाळाभर किरकिरणारा सिकाडा. बाकीचे सेमी अख्खी वस्ती डोक्यावर घेतात; काकांच्या भाषेत ते "लाउडस्पीकरवाले". हे बुवा मात्र इतकं बारीक गातात, की काकांनी माझ्या बायकोचा चिवडा परत पिशवीत ठेवायला लावला. कुरकुरतो म्हणून. माझं जाकीट सळसळतं, ते बस स्टॉपवरच उतरवलं.

"आलं ऐकू?"

"आलं," मी म्हणतो. बायको नेमकी तेव्हा पाणी पीत असते.

खरं सांगायचं तर मला कधीच काही ऐकू आलेलं नाही. पन्नाशीच्या कानांना तो आवाज झेपत नाही. पहिल्यांदा भिडेखातर हो म्हणालो आणि मग म्हणतच राहिलो. त्याचं एवढं वाटलं नसतं. पण पुण्याहून त्यांचा मुलगा मंदार दर रविवारी फोन करतो, "बाबा, आता इकडे या." काका म्हणतात, "सेमी गातोय तोवर मी हलत नाही. शेजाऱ्यांना विचार." शेजारी म्हणजे मी. बापलेकांच्या मधे माझी थाप बसली होती.

गेल्या रविवारी माळावरच सांगून टाकलं. "काका, मला कधीच ऐकू आलेलं नाही."

काका घडीच्या स्टुलावर बसले. "मलाही बरेच दिवस येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही हो म्हणायचात, तेवढ्यावर चाललं होतं. तिकडे जाऊन काय करू? मंदारला कुठली सवड माझ्या किड्यांसाठी."

तेवढ्यात मंदारचाच फोन आला. काकांनी स्पीकर लावला आणि फोन झुडपात धरला. इतका बारीक आवाज फोनमधून जात नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मंदारला तर लहानपणीच शिकवलं असणार.

"ऐक," ते म्हणाले.

पलीकडे कुकरची शिट्टी होत होती. गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"येतंय, बाबा," मंदार म्हणाला. "छान गातोय आज."

काकांनी फोन कानाला लावला आणि आमच्याकडे पाठ केली.

"थापाड्या," ते म्हणाले. "तिकीट काढ."