सासूबाईंचं तिकीट

लिंझमध्ये अल्फोन्स वेगशायडरचं चष्म्याचं दुकान होतं. अर्ध्या गावाला त्यानं नीट बघायला लावलं, पण स्वतः चष्मा लावायचा म्हटलं की त्याला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटायचं. म्हणून तो डोळे बारीक करून जगत होता, आणि आजवर त्याचं निभावलंही होतं.

अशातच सासूबाईंच्या बहिणीचा फोन आला. ही गिझेला बुडापेस्टला दिलेली. दोघी बहिणींचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. खसखशीच्या स्ट्रुडेलमध्ये बेदाणे घालावेत की नाही यावरून सुरू झालेलं भांडण एकमेकींच्या आईबापांच्या उद्धारापर्यंत गेलं होतं (आईबाप एकच आहेत, हे रागाच्या भरात दोघींच्याही लक्षात राहिलं नाही). आता गिझेलानं आपणहून स्वतःच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं आमंत्रण दिलं. म्हणाली, "आलीस तर सगळं मिटलं. नाही आलीस तर मी काय समजायचं ते समजेन."

"मी स्टेशनवर जाऊन तिकिटं काढून आणते," अल्फोन्सची बायको रोझविथा म्हणाली.

"रांगेत कशाला उभी राहतेस? मी फोनवर काढतो की," अल्फोन्स म्हणाला.

"हा?" सासूबाई म्हणाल्या. "ह्यानं मागे माझ्यासाठी आरामखुर्ची मागवली, ती बाहुलीच्या घरातली निघाली."

त्या "हा?"नं अल्फोन्स पेटला. सोफ्याच्या कोपऱ्यात बसून त्यानं फोन उघडला. कोण कोण जाणार, असं विचारून खाली चित्रं दिली होती. दोन उभी माणसं म्हणजे तो आणि रोझविथा, इथवर ठीक. त्याच्या खाली एक वाकलेली आकृती होती, मागे काठीसारखं काहीतरी. अल्फोन्सला गहिवरून आलं. रेल्वेनं म्हाताऱ्या माणसांची किती काळजी घेतली आहे. आकृतीत लहान आणि मोठी असे दोन प्रकार होते. सासूबाई हाडापेरानं भरदार, म्हणून त्यानं मोठी निवडली. तिकीट निम्म्यात बसलं.

"आई, तुम्हाला सवलत मिळाली," तो आतल्या खोलीकडे बघून ओरडला.

"ह्या घरात पहिल्यांदाच," आतून उत्तर आलं.

गाडीत बसायच्या दिवशी पहिली अडचण आली. जागा दोनच निघाल्या. टेबलाच्या पलीकडे खिडकीशी एक पांढऱ्या मिशांचे हंगेरियन गृहस्थ बसले होते, नाव लोरांत. टेबलाखाली त्यांचा तांबूस शिकारी कुत्रा पसरला होता. त्याचं नाव मोर्झा, म्हणजे पावाचा चुरा, पण आकारानं आख्खी बेकरी. अल्फोन्सनं त्यांना उठायला सांगितलं, त्यांनी शांतपणे आपलं आरक्षण दाखवलं. रेल्वेचा कारभारच ढिला, असं ठरवून अल्फोन्स दोघींना बसवून वाटेत उभा राहिला.

थोड्या वेळानं टीसी आला. त्यानं अल्फोन्सचा फोन बघितला.

"दोन मोठे, आणि हे तिसरं. तिसरंही बरोबर आहे ना?"

"आहेत की," अल्फोन्स म्हणाला.

टीसीनं वाकून टेबलाखाली पाहिलं. "शांत असतं का?"

"झोपल्यावर असतात."

कुत्र्याला अहोजाहो करणारा प्रवासी टीसीनं पहिल्यांदाच पाहिला असावा. "गुरगुरतं वगैरे?"

अल्फोन्सनं आवाज खाली आणला. "आज पहाटेपासून."

"मग मुसकं कुठंय?"

"कसलं मुसकं?"

"तोंडाला बांधायचं. मोठ्यांना सक्तीचं आहे."

अल्फोन्सचं मन क्षणभर त्या नियमाच्या बाजूनं धावलं. "साहेब, मला पटतं हो. पण त्यांना सांगणार कोण?"

"मालकानं सांगायचं."

"मालक वारले त्यांचे. बरीच वर्षं झाली."

"अरेरे," टीसी हळहळला. "मग तुमच्याकडे कसं आलं?"

"बायकोबरोबर आल्या."

"बरं, ते असू दे. फक्त सीटवर चढवू नका. खाली बसू द्या."

"खाली बसल्या तर उठवायला दोन माणसं लागतात," अल्फोन्स काकुळतीला येऊन म्हणाला. "गुडघे गेलेत."

"अल्फोन्स," सासूबाई म्हणाल्या, "हे कुणाबद्दल चाललंय?"

रोझविथानं पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि त्याच्या हातातला फोन घेतला. ती बराच वेळ बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आई, ह्यानं तुझं कुत्र्याचं तिकीट काढलंय."

सासूबाईंनी हातातलं सँडविच खाली ठेवलं.

"लहान की मोठ्या?"

"मोठ्या."

टीसीचा चेहरा आता कामावर आल्यासारखा झाला. म्हणजे ह्या बाई बिनतिकीट, आणि गाडी गच्च भरलेली. नवं तिकीट तो देऊ शकत होता, बसायला जागा देऊ शकत नव्हता, आणि बाईंना उभं राहता येत नव्हतं. सासूबाईंनी पर्स काखेत मारली.

"पुढच्या स्टेशनला उतरवा मला. जाते मी घरी."

"आई, असं नको करूस," रोझविथाचे डोळे भरले. "मावशीला वाटेल तू मुद्दाम आली नाहीस. मग जन्मात बोलणार नाही ती."

अल्फोन्सला फार वाईट वाटलं. एवढंसं फोनवरचं चित्र, आणि दोन बहिणींची ताटातूट.

"माझी जागा आईंची," तो म्हणाला. "मी बुडापेस्टपर्यंत उभा राहतो. काय तिकीट फाडायचं ते फाडा."

टीसी तिकीट फाडायला लागला, तेवढ्यात लोरांत खाकरले. मिशांवरून हात फिरवत म्हणाले, "आता विषय निघालाच आहे तर सांगतो. मी ह्याचं तिकीट काढायचंच विसरलोय."

टीसीनं मोर्झाकडे पाहिलं, अल्फोन्सच्या फोनकडे पाहिलं, आणि त्याला मार्ग सापडला. कुत्र्याचं तिकीट तयारच होतं. फक्त ते अल्फोन्सच्या नावावर, तेव्हा कुत्राही अल्फोन्सबरोबरच राहणार. लोरांतनी बॅगेतून मुसकं काढून दिलं. दाराजवळच्या जागेत अल्फोन्स उभा राहिला आणि मोर्झा त्याच्या बुटांवर झोपला.

काचेच्या दारातून त्याला डबा दिसत होता. व्हिएन्ना येईपर्यंत लोरांत सासूबाईंना सफरचंद सोलून देऊ लागले होते. सरहद्द ओलांडताना सासूबाई हसत होत्या. सासूबाईंचं हसू अल्फोन्सनं लग्नातल्या फोटोतही पाहिलेलं नव्हतं.

बुडापेस्टला फलाटावर गिझेला फुलं घेऊन उभी होती, पाठ काठीसारखी ताठ. सासूबाई उतरल्या. दोघी समोरासमोर थांबल्या. आधी कुणी बोलायचं, हा प्रश्न इतकी वर्षं अडलेला, तो आता तरी कसा सुटावा?

"प्रवास कसा झाला?" शेवटी गिझेलानं विचारलं, जरा घुश्शातच.

"कुत्र्यासारखा," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. धापा टाकत त्यांनी सगळं सांगितलं. गिझेला फुलांसकट त्यांच्या गळ्यात पडली. बेदाण्यांचं नावही कुणी काढलं नाही.

अल्फोन्सचा ऊर भरून आला. हा समेट त्याच्या तिकिटानं घडवला होता. आता आपल्याकडे वळतील, दोन गोड शब्द बोलतील, म्हणून तो मोर्झाला आवरत पुढे सरकला. गिझेला खरोखरच वळली आणि चेहरा फुलवून म्हणाली, "अगं बाई, किती देखणा. नाव काय ह्याचं?"

"अल्फोन्स," अल्फोन्स लाजून म्हणाला.

"अल्फोन्स, गुणाचं माझं ते," म्हणत गिझेलानं वाकून मोर्झाचे कान खाजवले.

ही चूक कुणीच सुधारली नाही. रोझविथानं तोंडाला रुमाल लावला होता, आणि सासूबाईंनी तेवढ्यात लोरांतना वाढदिवसाला बोलावून घेतलं होतं, अर्थात कुत्र्यासकट. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं सुरू झाली. अल्फोन्सचं ताट अजून यायचं होतं. इतक्यात गिझेला स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हातातल्या थाळीत भाजलेल्या मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा होता.

"अल्फोन्स, ये," तिनं प्रेमानं हाक मारली.

दोघेही उठले. मोर्झा आधी पोचला.