दामले काकांची कॅनडाला जाणारी फाइल

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले दामले काका गळ्यात स्टॉपवॉच घालून कॉम्प्युटरसमोर बसतात. फाइल निघाली की घड्याळ सुरू, पोचली की बंद, मग वहीत आकडा. खडकीच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. त्यामुळे कोथरूडला राहायला आल्यापासून सोसायटीची लिफ्ट, पाण्याची टाकी, पेपर येण्याची वेळ, सगळं तपासून होतं. कुणी वाद घातला तर एकच उत्तर: "नोंद आहे."

काकू गेल्या, तेव्हापासून ते एकटेच. मुलगी मीरा कॅनडात. तिला ते रोज एक व्हिडिओ पाठवत आणि तो पोचायला अख्खा दिवस जाई. मी नेटवर्कमधला माणूस, पगारच त्याचा घेतो, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी लिफ्टचं बटण दाबत म्हटलं, कॅनडा लांब आहे काका, मोठा प्लॅन घ्या. त्यांनी घेतला. वेग तसूभर वाढला नाही. मग मी म्हटलं, व्हिडिओ लहान करून पाठवा. तर म्हणाले, कुकरची शिट्टी बिघडते. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

पुढे सहा महिने मी त्यांना टाळलं. एका रविवारी जिन्यात सापडलो. त्यांनी मला घरी नेऊन वही समोर ठेवली. घरातल्या घरात, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर, फाइल झटकन जात होती. कॅनडाला पाठवली की रांगत होती. पण दोन फाइली एकदम पाठवल्या, तरी प्रत्येकीचा वेग तोच राहत होता.

"म्हणजे रस्ता रिकामाच आहे," काका म्हणाले. "आपली गाडीच थांबत थांबत जाते. बरोबर ना?"

बरोबर होतं. मुलाखतीला येणाऱ्या पोरांना मी हेच विचारतो, निम्म्यांना येत नाही. काकांचा जुना प्रोग्राम एक छोटा तुकडा पाठवायचा, कॅनडाहून पोच येईपर्यंत गप्प बसायचा, मग पुढचा तुकडा. पोच येण्याआधीच पुष्कळ तुकडे सुटावेत म्हणून मी सेटिंगमधला एक आकडा वाढवला. दहा मिनिटांचं काम, त्यातली चार काकांचा चष्मा शोधण्यात गेली. चहा संपायच्या आत फाइल पोचली. काकांनी वहीत नोंद केली आणि माझे आभार मानले. ते मला ऐकवेनात.

विषय बदलावा म्हणून विचारलं, रोज एवढं पाठवता तरी काय? त्यांनी आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. तासभर नुसतं स्वयंपाकघर. कुकर, भांडी, खालून भाजीवाला, उघड्या दारातून लिफ्टचा आवाज. मीरा म्हणाली होती, तिचं घर फार गप्प असतं. हे लावून ती तिकडे स्वयंपाक करते.

तेवढ्यात व्हिडिओत आमचं दार उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ माझा. मी बायकोला सांगत होतो, "तो घड्याळवाला आला तर मी घरी नाही म्हण. डोकं खातो."

मी फरशीकडे बघत राहिलो. काकांनी घाईने माउस धरला आणि व्हिडिओ थांबवला.

"चुकून मूळ प्रत लावली," ते म्हणाले. "पाठवताना तुमचं तेवढं मी काढून टाकतो."

मी रिकामा कप उगाच पुन्हा तोंडाला लावला.

"शेजारी रोज येऊन चौकशी करतात, असं सांगितलंय मी तिला," काका म्हणाले. "नाहीतर पोर तिकडे काळजी करत बसेल."