गुहेतला थेंब

मी घाम गाळणारा माणूस नाही. डोकं चालवणारा आहे! हे मी आमच्या मालकीणबाईंना तोंडावर ठणकावून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "बरं. मग चालवा." आणि रिसॉर्टच्या लॉबीचं नूतनीकरण माझ्या गळ्यात पडलं. जमलं, तर हंगामी मॅनेजरचा मी कायमचा मॅनेजर होणार. नाही जमलं, तर परत लाँड्रीत चादरी मोजायला!

आमचं रिसॉर्ट म्हणजे गुहा. खरी नव्हे हो, सिमेंटची! लॉबीच्या छतातून लोंबणारे सुळके, भिंतीवर रंगवलेली वटवाघळं आणि काउंटरशेजारी दोन पायांवर उभं असलेलं सिमेंटचं अस्वल. या गुहेला चाहते आहेत. दरवर्षी येतात, अस्वलाच्या गळ्यात पडून फोटो काढतात. त्यांचं रीतसर 'गुहाप्रेमी मंडळ' आहे आणि त्याचे अध्यक्ष कोण, तर माझ्या बायकोचे सख्खे मामा. म्हणजे माझे मामेसासरे!

मी फरशी बदलली. चांगले दणदणीत दिवे लावले. अस्वलाचा तुटलेला कान बसवला. आणि अस्वलासमोरच्या सोफ्याजवळ छतातून जे पाणी ठिबकायचं, ज्याच्याखाली वर्षानुवर्षं एक बादली ठेवलेली असायची, ती गळती कायमची बंद केली! मालकीणबाईंच्या वडिलांनासुद्धा हे जमलं नव्हतं. आमच्या प्लंबरने छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहेब, एक वेळ छप्पर पडेल, पण थेंब पडणार नाही!"

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच मंडळ हजर. मी दारात हात जोडून उभा. टाळ्यांची वाट बघत होतो.

"अगं बाई, फरशीत तोंड दिसतंय!" एक काकू म्हणाल्या. "ही गुहा आहे की दातांचा दवाखाना?"

"कान कशाला बसवला?" दुसऱ्या हळहळल्या. "ऐकू येत नव्हतं तेव्हा बिचारं किती सुखात होतं!"

मामा मात्र मान वर करून छताकडे बघत होते. मग त्यांनी खाली बघितलं. बादलीच्या जागी मी छानशी कुंडी ठेवली होती.

"जावईबापू, थेंब कुठाय?"

"बंद केला!" मी कॉलर ताठ करून म्हणालो.

आणि लॉबीत जो काय गिल्ला झाला! "आमचा थेंब परत द्या!" अशा घोषणा सुरू झाल्या. एका आजोबांनी तर माझी कुंडीच उचलून बाहेर नेऊन ठेवली.

मामा सोफ्यावर मटकन बसले. "अहो, इथेच मी तुमच्या मामीला लग्नाचं विचारलं होतं. ती म्हणाली, थेंब पडला तर हो! सकाळपासून बसलो, जेवण हुकलं, तेव्हा कुठे पडला. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर ती आज पहिल्यांदा घराबाहेर पडतेय. संध्याकाळी येईल. काय दाखवू तिला? कुंडी?"

त्यांचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात मालकीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "संध्याकाळी थेंब पडला नाही, तर चादरी मोजायला जायचं. कळलं?"

मी धावत प्लंबरकडे गेलो. "बाबा रे, ती गळती परत लाव."

"गळती? आणि मी लावू?" तो लालबुंद झाला. "डॉक्टरला कुणी सांगतं का, पेशंटला पुन्हा ताप आणा म्हणून? माझी काही इज्जत आहे की नाही?" पाना पिशवीत कोंबून तो तरातरा निघून गेला.

मग मी डोकं चालवलं! औषधाच्या दुकानातून सलाईनची बाटली आणली, छतावरच्या माळ्यात टांगली, नळी जुन्या भोकात सोडली. टप्... टप्... टप्... वा रे मी!

संध्याकाळी मामी काठी टेकत आल्या. मामांनी त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. टप्!

"आला! आला!" सगळे ओरडले. टप्! "आला!" टप्! टप्! पुढच्या थेंबांना कुणी ओरडलंच नाही. मामींच्या कपाळावर आठी पडली.

"अहो, हा आपला थेंब नाही."

"का गं?"

"हा वेळेवर येतोय! आपला कधी असा आला होता? इतकी घाई असती तर मला तुमचा विचार करायला वेळ तरी मिळाला असता का?"

"खोटा थेंब!" मंडळ पुन्हा खवळलं. मालकीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी तडक माळ्यावर! म्हटलं, आता नळीची चकती आपल्याच हाताने फिरवायची. मनाला येईल तेव्हा एकच थेंब सोडायचा. रांगत रांगत पोचलो तर काय, बाटली संपलेली!

आता काय करू? खाली उतरलो तर सगळ्यांच्या तावडीत सापडणार. तसाच भोकाला डोळा लावून पडून राहिलो. माझ्याच दणदणीत दिव्यांनी माळ्याची भट्टी करून ठेवली होती. जीव नुसता शिजत होता.

"निघूया का?" मामींचा बारीक आवाज आला.

"त्या दिवशी मी थांबलो होतो ना?" मामा म्हणाले. "आज तू थांब."

आणि तेवढ्यात माझ्या कपाळावरचा घाम ओघळला, नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबला, लोंबला आणि टप्प!

थेट पुढे वाकून वर बघणाऱ्या मामींच्या ओठांवर!

"आला!" मामी लहान मुलीसारख्या ओरडल्या. काठी टाकून चक्क उभ्या राहिल्या! मंडळ नाचायला लागलं, मामांनी अस्वलाला मिठी मारली, वटवाघळंसुद्धा हसल्यासारखी वाटली.

"अहो, पण जरा खारट लागतोय," मामी म्हणाल्या.

"गुहेतलं पाणी आहे गं! खनिजं असतात त्यात!"

खरं सांगतो, मलाही वर रडू फुटलं. तोही थेंब खाली गेला. "दुसरा!" एकच जल्लोष झाला. हे ऐकून आमचा प्लंबर आठवडाभर कुणाला तोंड दाखवेना!

मी घामाने निथळत खाली उतरलो, तेव्हाच मालकीणबाईंनी सगळं ओळखलं होतं. पण त्या शब्दाला जागल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टाफसमोर म्हणाल्या, "अभिनंदन! तुम्हाला कायम केलं."

मी मॅनेजरच्या खुर्चीकडे वळलो.

"तिकडे नाही," त्यांनी बोट छताकडे केलं. "तिकडे."

तेव्हापासून मंडळ आलं की मी माळ्यावर. आणि बायको माहेरी सगळ्यांना कौतुकाने सांगते, "आमचे हे ना, त्या हॉटेलसाठी अगदी घाम गाळतात हो!"