हळूसरांचं लाइव्ह

"संशोधक ग्रंथालयात येत नसतील, तर ग्रंथालयानं संशोधकांकडे जायला हवं," संचालक म्हणाले. "ते दिवसभर फोनमध्ये असतात. तुम्हीही फोनमध्ये जा."

ग्रंथपालांनी मान हलवली. संस्थेत त्यांना सगळे हळूसर म्हणत, कारण समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्यांच्या तोंडून 'हळू' बाहेर पडत असे. हल्ली मात्र तो शब्द वापरायची वेळच येत नव्हती. संशोधकांसाठी राखलेल्या दालनात दिवसचे दिवस फक्त पंखा बोलत असे.

"आणि महिनाअखेरपर्यंत दालनात माणसं दिसली नाहीत, तर ते परीक्षा विभागाला द्यावं लागेल," संचालक म्हणाले. "त्यांचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जिन्यात पडलेत."

हळूसर तोंड पाडून घरी आले. त्यांची बायको पडदे शिवून विकत असे आणि तिच्या पेजवर पडदे बघणाऱ्यांची रीघ लागलेली असे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"लाइव्ह करा," ती म्हणाली. "माझा स्टँड न्या. मागचा कॅमेरा वापरा, त्यात स्वच्छ दिसतं. फोन गप्प करून ठेवा, नाहीतर मध्येच कुणाचातरी येईल. आणि जरा हसा."

"अगं, विषय संशोधनाच्या नियतकालिकांचा आहे."

"म्हणूनच सांगतेय."

दुसऱ्या दिवशी हळूसरांनी दालनात स्टँड उभा केला. टेबलावर 'ग्रंथालय तुमच्या दारी' असा पुठ्ठ्याचा फलक ठेवला. तो सारखा घसरायला लागला, तेव्हा हाताला लागला तो एक जाडजूड लाल खंड कपाटातून ओढून त्यांनी त्याला मागून टेकू दिला. टेबलावरच्या टेलिफोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. मग कॅमेऱ्यासमोर उभं राहून लेख घरबसल्या कसे वाचायचे, पासवर्ड कुठे मिळतो आणि बाहेरच्या ग्रंथालयातला लेख कसा मागवायचा, हे सगळं कागदावरून वाचून दाखवलं. हसायचं राहून गेलं. बघणारे चार जण होते. त्यांतली एक बायको, दोन मेहुणे आणि एक जण चुकून आलेला. चुकून आल्याचं त्याने स्वतःच लिहून कळवलं होतं, पण हे सगळं नंतर समजलं. फोनची स्क्रीन पलीकडच्या भिंतीकडे होती, त्यामुळे बोलताना हळूसरांना काहीच दिसत नव्हतं.

शेवटी 'धन्यवाद' म्हणून त्यांनी स्टँडमागे जाऊन बटण दाबलं. फोनने विचारलं, नक्की बंद करायचं का? पण तोवर हळूसर पाठ फिरवून घाम पुसत होते. फोन उत्तराची वाट बघत चालूच राहिला.

तेवढ्यात एक मुलगी धापा टाकत आत आली. नद्यांच्या पुरावर तिचं संशोधन चाललं होतं.

"सर, पूरमोजणीचा सातवा खंड हवाय. माझा एक आकडा परीक्षकांना पटत नाहीये. उद्या पुरावा दिला नाही तर प्रबंध पुढच्या सत्रावर जाईल."

"ऑनलाइन बघितलंस?"

"सहावा आहे, आठवा आहे. सातवाच नाहीये."

हळूसर कपाटाशी गेले. तिथेही सहावा होता, आठवा होता, आणि मध्ये पडलेल्या दातासारखी फट होती. ते शिडीवर चढले. वरचा कप्पा झाला, खालचा झाला, शेजारची तीन कपाटं झाली.

"हरवला असेल का?" मुलीचा आवाज रडवेला झाला होता.

"ग्रंथालयात पुस्तक हरवत नाही. फार तर रुसतं."

"संचालक सरांनी नेला असेल?"

"छे. त्यांना पुस्तक लागतं ते खुर्ची उंच करायला."

घरी पडद्याला टीप घालणाऱ्या बायकोने मशीन थांबवलं. तिने लिहिलं, 'अहो, चालू आहे.' मग फोन लावला, पण फोन गप्प होता. ग्रंथालयाचा नंबर फिरवला, तो सारखा व्यस्त. शेवटी तिने ते लाइव्ह आपल्या पेजवर टाकलं आणि वर लिहिलं, 'ह्या ग्रंथालयाच्या आसपास कुणी असेल तर कृपया माझ्या नवऱ्याला गाठा.' तिचे पडदे घेणाऱ्यांत रसायनशास्त्राच्या एक प्राध्यापिका होत्या. त्यांनी ते संशोधकांच्या गटात पाठवलं. बघणारे चाराचे चाळीस झाले आणि पुढे मोजायचं कुणाला सुचलं नाही.

त्यातच पंख्याच्या वाऱ्याने फलक खाली पडला. मागचा लाल खंड उघडा पडला, आणि त्याच्या पाठीवरचं सोनेरी 'खंड सातवा' साऱ्या जगाला दिसलं. मुलगी शिडी धरून उभी होती. हळूसर शिडीवरूनच म्हणाले, "पंखा कमी करायला हवा," आणि मागे न बघता कपाटात डोकं घातलं.

दोन मिनिटांत प्रयोगशाळेचा पांढरा कोट घातलेला एक संशोधक धावत आला.

"सर, मागे..."

"हळू."

त्याच्या मागून दुसरी आली. "सर, सातवा खंड..."

"तोच शोधतोय. तुमचा नंबर हिच्यानंतर."

"सर, टेबलावर..." तिसरा म्हणाला.

"टेबलावर बसायचं नाही."

दारात माणसं वाढत चालली. जो तो काहीतरी सांगू बघत होता आणि हळूसर प्रत्येकाला 'हळू'ने गप्प करत होते. शेवटी सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदम, अगदी हळू आवाजात म्हणाले, "मागे बघा."

हळूसरांनी मागे पाहिलं. टेबलाशी हातात फोन घेऊन संचालक उभे होते. त्यांनी लाल खंड उचलला, त्यावरची धूळ फुंकली आणि मुलीच्या हातात दिला.

"माझी खुर्ची उंचच आहे," ते म्हणाले. "हा हिला द्या."

हळूसरांना शिडीवरून उतरावं की आणखी वर जावं, ते कळेना. मुलीने मात्र उभ्या-उभ्याच पान काढलं आणि बोट फिरवलं. आकडा तिथे होता, आणि बरोबर होता.

काम झाल्यावर गर्दी पांगायला हवी होती. पण धावून दमलेली माणसं मिळेल त्या खुर्चीवर टेकली आणि टेकल्यावर समोर आलं ते चाळू लागली. "हे आपल्याकडे आहे?" असं कोट घातलेल्याने दोनदा विचारलं. संचालकांनी दालनभर नजर फिरवली आणि बाहेर जाता-जाता परीक्षा विभागाला फोन लावला. "गठ्ठ्यांना जिनाच बरा," एवढंच ऐकू आलं.

पुढच्या आठवड्यात हळूसरांनी रीतसर लाइव्ह केलं. ह्या वेळी इस्त्रीचा शर्ट होता आणि फोनची स्क्रीन स्वतःकडे वळवलेली होती. कागद वाचायला सुरुवात करतात तोच खाली अक्षरं उमटली, 'सर, बोलू नका ना. त्या दिवशीसारखं नुसतं काम करा. आम्हीही आमचं करतो.' खाली तसंच म्हणणारे पुष्कळ होते.

ते थोडे हिरमुसले. मग कागद घडी करून खिशात टाकला आणि एका फाटक्या पुस्तकाला डिंक लावत बसले. कुठल्या-कुठल्या खोल्यांत माणसं त्यांच्यासोबत लिहीत बसली. मधूनच कुणी एखाद्या लेखाचा पत्ता विचारी आणि हळूसर डिंकाची बोटं पुसून उत्तर लिहीत.

मग एकीचं आलं, 'सर, मी बाळंतपणाला माहेरी आलेय. प्रबंध अर्धा राहिलाय. मागच्या कपाटातला निळा खंड उघडून दाखवाल का?'

हळूसरांनी तो काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

'पुढचं पान,' तिने लिहिलं. थोड्या वेळाने, 'बाळ उठलंय, थांबा.' आणि मग पुन्हा, 'पुढचं पान.'

ग्रंथपाल बोलत का नाहीत, हे बघायला संचालक आत आले. पान पंख्याने फडफडत होतं. दोन्ही हात खंडाला गुंतलेले हळूसर नुसतं डोळ्यांनी विनवत होते. संचालकांनी पुढे होऊन पानाचा कोपरा दाबून धरला.

'कोपरा धरणाऱ्यांनी बोट जरा बाजूला घ्या,' स्क्रीनवर उमटलं, 'तळटीप झाकली जातेय.'

संचालकांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि बोट बाजूला घेतलं.