विहिणींचं तूप

बारशाला दोन दिवस होते. कडेगावच्या बयाबाई पहाटे कढवलेलं म्हशीचं तूप डब्यात भरून, डबा मांडीवर धरून एसटीने सांगलीला लेकीकडे, पल्लवीकडे आल्या. तूप अजून पातळच होतं. जावई इंद्रजितने कौतुकाने डबा उचलला आणि थेट फ्रीझरमध्ये ठेवला.

दुपारी पल्लवीच्या सासूबाईंनी, धोंडुबाईंनी, झाकण काढलं. तूप पांढरंफेक, गुळगुळीत. रव्याचा एक कण नाही.

"इनबाई, वनस्पती तूप आणलंसा व्हय?"

बयाबाईंचा घास हातातच राहिला. "माझ्या म्हशी वनस्पती देत न्हाईत!"

पल्लवी शाळेत विज्ञान शिकवायची. ती मध्ये पडली. "आत्या, तूप तेच हाय. हळू गार झालं की मोठे स्फटिक धरतात, घाईनं झालं की बारीक. रचनाच बदलती."

"शाळंतलं शाळंत ठेव," म्हणत धोंडुबाईंनी आपली बरणी पुढे केली. "ह्येला म्हणत्यात तूप! रवा बघा."

बयाबाईंनी रवा बघितला. मग बरणीच पातेल्यात उपडी केली आणि गॅस पेटवला.

"आवं, माझं तूप!"

"लेकराच्या बारशात खोटं तूप आणलं म्हणून नाव घिऊन मी जायची न्हाई."

धोंडुबाईंचं वितळलेलं तूप फ्रीझरमध्ये गेलं. बयाबाईंनी स्वतःचंही वितळवलं, पातेलं गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं आणि फ्रीजसमोर स्टूल टाकून बसल्या. व्याही भाऊसो गार पाणी घ्यायला आले.

"माठातलं प्या."

भाऊसो माठाकडे वळले.

सकाळी दोन्ही भांडी ओट्यावर आली. बयाबाईंच्या तुपात टपोरा रवा. धोंडुबाईंचं तूप गुळगुळीत, भिंतीला लावायच्या लांबीसारखं.

"आता बोला," बयाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

धोंडुबाई बोलणार, तेवढ्यात शिराळ्याहून त्यांची नणंद हरणाबाई दारात. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने धोंडुबाईंच्या भांड्यातल्या तुपावर बोट फिरवलं.

"वैनी, बारशाला वनस्पती? लोकं काय म्हणतील?"

धोंडुबाईंचा चेहरा लालबुंद झाला. मान मात्र ताठच.

"आमच्यात असंच खात्यात! रवाळ तूप दातात अडकतं. आन् आमच्या इनबाईंनीबी असंच आणलंय. इचार त्यास्नी!"

हरणाबाई वळेपर्यंत बयाबाईंनी आपलं रवाळ पातेलं गॅसवर चढवलं होतं.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "जावईबापू, फ्रीझरात जागा करा."